रेल्वेगाड्यांच्या छायाचित्रणाची सहल: मालगाडी आणि प्रवासी गाडी टिपण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी चौकटीत असते ती फार तर आठ-दहा सेकंद. तेवढ्या वेळात जागा बदलणे, उन्हाची बाजू हेरणे किंवा कॅमेऱ्याचे चक्र फिरवत बसणे शक्य नसते. त्यामुळे चांगले छायाचित्र बहुतेक वेळा गाडी दिसण्यापूर्वीच ठरलेले असते. या विषयावरचे बरेचसे प्रश्न गाडी आल्यावर काय करावे याविषयी असले, तरी पुढील उत्तरांचा भर गाडी येण्यापूर्वीच्या वेळावर आहे.

सहलीला निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

सर्वप्रथम नकाशा उघडून मार्ग कोणत्या दिशेने धावतो ते पाहावे. उत्तर-दक्षिण मार्गावर सकाळी पूर्वेकडची आणि दुपारनंतर पश्चिमेकडची बाजू उजळलेली असते, त्यामुळे दिवसाची आखणी सोपी जाते. पूर्व-पश्चिम मार्गाचे गणित अक्षांशावर अवलंबून असते. उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण भागात सूर्य दिवसातला बहुतेक काळ दक्षिणेकडे राहतो, दक्षिण गोलार्धात याच्या नेमके उलट असते आणि दोन अयनवृत्तांच्या मधल्या प्रदेशात ऋतूप्रमाणे बाजू बदलते. आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून सकाळी आठ वाजता उत्तम वाटलेली जागा दहा वाजता निरुपयोगी ठरू शकते.

उपग्रह-चित्रावरून वळणे, पूल आणि रस्त्यांची जवळीक कळते, पण कुंपणाची उंची आणि रुळांलगत वाढलेले गवत कळत नाही. ते प्रत्यक्ष पाहण्यासाठी अर्धा तास आधी पोहोचावे. एका दिवसात दोन किंवा तीन जागा पुरेशा होतात. सहा जागांची यादी घेऊन निघणारा माणूस दिवसाचा मोठा भाग रस्त्यावरच घालवतो आणि गाड्यांचे आवाज मात्र झाडांपलीकडून ऐकतो.

प्रवासी गाडी आणि मालगाडी यांच्या छायाचित्रणात नेमका काय फरक आहे?

प्रवासी गाडीला वेळापत्रक असते. ती कोणत्या सुमारास येईल, किती डब्यांची असेल आणि साधारण किती वेगाने जाईल हे आधी सांगता येते. शिवाय तीच गाडी उद्याही येणार असते, त्यामुळे आज चुकलेली चौकट उद्या सुधारता येते. एकसारख्या रंगाचा संपूर्ण रेक (जोडलेल्या डब्यांची रांग) वळणावर पंख्यासारखा उलगडतो, तेव्हा इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सारी गाडी एका चौकटीत बसवण्याचा आनंद काही वेगळाच असतो. सरावासाठी नवशिक्याने प्रवासी गाड्यांपासूनच सुरुवात करावी.

मालगाडीचे तसे नसते. माल भरून झाला, इंजिन आणि चालक उपलब्ध झाले, पुढचा मार्ग मोकळा मिळाला की ती निघते आणि वाटेत मागून येणाऱ्या वेगवान गाडीला पुढे जाऊ देण्यासाठी लूप मार्गावर (मुख्य मार्गाशेजारच्या बाजूच्या रुळांवर) थांबते. जनतेसाठी छापलेले वेळापत्रक तिला सहसा नसते. मात्र या अनिश्चिततेची भरपाई ती इतर गोष्टींनी करते. तिचा वेग बहुधा कमी असल्यामुळे छायाचित्रकाराला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि लूप मार्गावर अडकलेली मालगाडी दिसली तर रस्त्याने पुढच्या जागी जाऊन तिची वाट पाहता येते, म्हणजे एकाच गाडीची दोन-तीन छायाचित्रे मिळतात.

रचनेच्या दृष्टीनेही फरक पडतो. मालगाडी काही देशांत दीड-दोन किलोमीटर लांब असते आणि ती चौकटीत मावत नाही. तिचा किती भाग दाखवायचा हे ठरवूनच उभे राहावे लागते. टाकीच्या वाघिणी (मालडबे), खनिजाच्या उघड्या वाघिणी, मोटारींच्या बंद वाघिणी आणि कंटेनर यांचा पोत वेगवेगळा असतो. चाळीस फुटी कंटेनरची लांबी १२.१९ मीटर असते आणि वेगवेगळ्या रंगांचे असे कंटेनर ओळीने येतात, तेव्हा इंजिनापेक्षा त्यांच्या रांगेचाच फोटो अधिक बोलका होतो. माझे वैयक्तिक मत असे, की प्रवासी गाडीचे चित्र तिच्या चेहऱ्यावर उभे राहते आणि मालगाडीचे तिच्या लांबीवर. मालगाडीचे फक्त इंजिन टिपून परतणाऱ्यांनी निम्मी गाडी मागे सोडलेली असते.

मालगाडी कधी येईल, हे ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

खात्रीचा मार्ग नाही, पण अंदाज बांधता येतो. मार्गावर बंदर, खाण, वीजकेंद्र किंवा सिमेंटचा कारखाना असेल, तर तेथून भरलेल्या गाड्या एका दिशेने आणि रिकाम्या गाड्या उलट दिशेने जाणार हे उघड आहे. प्रवासी गाड्यांच्या वेळापत्रकातील मोकळी दरी शोधावी, कारण एकामागून एक प्रवासी गाड्या निघून गेल्यावर रोखून धरलेल्या मालगाड्या सोडल्या जातात. समोरच्या सिग्नलचा रंग बदलणे, फाटक बंद होणे आणि जवळच्या स्थानकात लूप मार्गावर दिवे लावून उभे असलेले इंजिन, या तीन खुणांचा अर्थ लावायला शिकावे.

तरीही वाट पाहण्याला पर्याय नाही. मी स्वतः एकदा चढावरच्या एका वळणावर चार तास बसलो होतो. अखेर दोन इंजिनांची मालगाडी आली, आणि नेमक्या त्याच क्षणी अलीकडच्या मार्गावरून एक रिकामी लोकल आडवी गेली. कॅमेऱ्यात उरल्या त्या फक्त तिच्या खिडक्या. दुहेरी मार्गावर हे होणारच, म्हणून शक्य असेल तेथे किंचित उंच जागा किंवा पादचारी पूल निवडावा. तेथून अलीकडच्या गाडीच्या टपावरून पलीकडची गाडी दिसते.

रुळांपासून किती अंतरावर उभे राहावे?

रेल्वेच्या हद्दीबाहेर, जनतेसाठी खुल्या असलेल्या जागी: रस्ता, पादचारी पूल, फाटकाबाहेरचा भाग किंवा फलाटावरील सुरक्षारेषेच्या मागची, रुळांपासून दूरची बाजू. हे उत्तर अनेकांना पुरेसे वाटत नाही, म्हणून त्यामागची कारणे सांगणे आवश्यक आहे.

प्रमाण मापाच्या दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर असते आणि डबा साधारण ३ मीटर रुंद असतो. याचा अर्थ डबा दोन्ही बाजूंना रुळाबाहेर पाऊण मीटरहून अधिक येतो. रुळापासून दोन पावले दूर उभ्या असलेल्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असे वाटते, प्रत्यक्षात गाडीची कड त्याच्या हातभर अंतरावर असते. त्यातच एखादी सुटलेली दोरी, उघडे दार किंवा वाघिणीबाहेर आलेला माल असू शकतो. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातील घर्षण अल्प असल्यामुळे वेगात असलेल्या भरलेल्या मालगाडीला थांबण्यासाठी एक किलोमीटरहून अधिक अंतर लागू शकते. चालकाने छायाचित्रकाराला पाहिले तरी त्याच्या हाती भोंगा वाजवण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

डोळ्यांवर आणि कानांवर विसंबणेही धोक्याचे आहे. मोठ्या आकाराची वस्तू समोरून येताना असते त्यापेक्षा संथ वाटते. जोडसांधे नसलेल्या अखंड रुळांवर विजेची गाडी, विशेषतः वारा उलट दिशेने वाहत असेल तर, जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. टेलिफोटो (दूरचे जवळ आणणाऱ्या) भिंगातून पाहणाऱ्याची पंचाईत तर आणखीच मोठी, कारण त्याचा एक डोळा मिटलेला असतो, दुसऱ्याला फक्त एक अरुंद चौकट दिसते आणि समोरच्या गाडीत गुंतलेले असताना शेजारच्या मार्गावरून मागून येणारी दुसरी गाडी लक्षातच येत नाही. कोणत्याही मार्गावर, कोणत्याही दिशेने, कोणत्याही क्षणी गाडी येऊ शकते असे गृहीत धरावे. गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणाऱ्या सांध्यांच्या जागी तर पाय ठेवूच नये, कारण ते दुरून चालवले जातात आणि हलणारा रूळ पाय चिमटीत धरतो.

फलाटावर न थांबता जाणारी वेगवान गाडी हवेचा जोरदार झोत घेऊन येते. कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) उभी करून तिच्यापासून दूर जाऊ नये, आणि गर्दीच्या फलाटावर तिपाई मुळीच लावू नये.

विद्युतीकरण झालेल्या मार्गावर आणखी कोणती काळजी घ्यावी?

जगभर अनेक मार्गांवर ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट दाबाची वीज असते. इतक्या दाबाच्या तारेला स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. पुरेसे जवळ गेल्यास वीज हवेतून झेप घेते. त्यामुळे पुलावरून सेल्फी-काठी, एकदांडी स्टँड किंवा छत्री तारेच्या दिशेने पुढे करू नये आणि उभ्या वाघिणीवर चढण्याचा विचारही मनात आणू नये. काही शहरी मार्गांवर वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून दिली जाते आणि तो रूळ पाहणाऱ्याला निरुपद्रवी लोखंड वाटतो.

छायाचित्रणासाठी परवानगी लागते का?

नियम देशागणिक आणि रेल्वेगणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी फलाटावर हौशी छायाचित्रणाला मुभा असते, काही ठिकाणी स्थानकप्रमुखाची लेखी अनुमती लागते, आणि पूल, बोगदे, नियंत्रणकक्ष किंवा लष्करी सामान नेणाऱ्या गाड्या यांची छायाचित्रे घेणे अनेक देशांत निषिद्ध आहे. त्या त्या रेल्वेचा सध्याचा नियम निघण्यापूर्वी तपासावा आणि कर्मचाऱ्याने थांबण्यास सांगितले तर वाद न घालता थांबावे. आपला नियमाचा अर्थ बरोबर असला तरी फलाट ही युक्तिवादाची जागा नव्हे.

शटरचा वेग किती ठेवावा?

शटर म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेणारा पडदा, आणि त्याचा वेग म्हणजे तो उघडा राहण्याचा काळ. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २७.८ मीटर पुढे जाते. १/५०० सेकंदात ती साडेपाच सेंटिमीटरहून थोडी जास्त सरकते आणि १/२००० सेकंदात १.४ सेंटिमीटर. ही सरक चित्रात किती दिसेल, हे गाडीच्या दिशेवर अवलंबून असते. गाडी जवळजवळ समोरून येत असेल तर ती चौकटीत आडवी फारशी हलत नाही, आणि १/५०० नेही काम भागते. तिरप्या कोनातून १/१००० ठेवणे सुरक्षित असते. डोळ्यांसमोरून आडव्या जाणाऱ्या गाडीसाठी १/२००० किंवा त्याहून अधिक वेग लागतो. ताशी ५० किलोमीटरने चढ चढणाऱ्या मालगाडीला यातल्या प्रत्येकाच्या निम्म्या शटर-वेगाने (१/१००० ऐवजी १/५००) भागते.

पाठीमागून स्वच्छ ऊन असेल तर आयएसओ (उजेडाविषयीची संवेदनशीलता) ४००, छिद्र (भिंगाचे उघडे तोंड) एफ/८ आणि शटर १/१६०० ही मांडणी जवळपास अचूक बसते. फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम असा की, भर उन्हात एफ/१६ ठेवून शटर आयएसओच्या आकड्याइतके ठेवावे. वरील मांडणी त्याच नियमातून निघते.

सलग छायाचित्रे घेणाऱ्या सुविधेवर अति विश्वास ठेवू नये. सेकंदाला दहा चित्रे घेतली तरी ताशी १०० किलोमीटरच्या गाडीच्या दोन चित्रांमध्ये २.८ मीटरचे अंतर पडते, आणि इंजिनाचे तोंड खांबाआड जाण्यासाठी तेवढे अंतर भरपूर होते. ओव्हरहेड तारांचे खांब साधारण ५० ते ६५ मीटर अंतरावर असतात. इंजिन कोणत्या दोन खांबांच्या मध्ये हवे, ते आधी ठरवून त्या जागेवरच्या एखाद्या स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्टीवर) फोकस स्थिर करावा.

गाडी जवळ येताच छायाचित्र काळे पडते. असे का होते?

इंजिनाच्या प्रखर दिव्यामुळे. कॅमेऱ्याचा मापक त्या दिव्याला संपूर्ण दृश्याचा उजेड समजतो आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) कमी करतो. स्वयंचलित पद्धत सोडून एक्स्पोजर हाताने ठरवावे, गाडी येण्यापूर्वी रिकाम्या रुळांचे एक चाचणी-चित्र घ्यावे आणि नंतर त्याला हात लावू नये. ऊन-सावलीचा खेळ चालू असेल तर मात्र गाडी येईपर्यंत दर दोन मिनिटांनी चाचणी-चित्र घेण्यावाचून गत्यंतर नसते.

कोणता कोन आणि कोणती वेळ चांगली?

इंजिनाचे तोंड आणि एक बाजू दोन्ही उजळलेली असतील, असा तिरपा कोन पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो आणि तो वापरला जाण्यास कारणही आहे: गाडीचा आकार, रंग आणि चाकांची रचना त्यात स्पष्ट दिसते. चार आसांचे बो-बो इंजिन आणि सहा आसांचे को-को इंजिन यांतला फरक दाखवायचा असेल तर चाकांवर ऊन हवेच. सूर्य डोक्यावर असताना डब्याच्या टपाची सावली खाली पडते आणि चाके अंधारात बुडतात. म्हणून सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन-दोन तास मोलाचे. दुपारी आणखी एक अडचण असते. तापलेल्या खडीवरून उठणाऱ्या हवेमुळे टेलिफोटोतून दूरची गाडी पाण्यातून पाहिल्यासारखी थरथरते, आणि त्यावर महागडे भिंग हाही उपाय नाही. अशा वेळी जवळची, रुंद चौकट निवडावी किंवा जेवून घ्यावे.

एकदा तो पारंपरिक कोन हाती आला की तो मोडूनही पाहावा. मावळत्या सूर्याच्या दिशेला तोंड करून घेतलेल्या चित्रात डब्यांच्या गुळगुळीत कडेवर आणि रुळांवर सोनेरी रेघ उमटते. गाडी लहान आणि डोंगर मोठा असेही चित्र घ्यावे. निघून जाणाऱ्या गाडीची पाठ टिपण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण मालगाडीला मागून ढकलणारे इंजिन असेल तर खरे नाट्य तिच्या शेपटीलाच असते.

पाऊस, धुके किंवा बर्फ असेल तर सहल रद्द करावी का?

नाही. ढगाळ हवेत सूर्याची बाजू पाहावी लागत नाही, म्हणून उन्हात वाया जाणाऱ्या जागाही खुल्या होतात. धुक्यात दिव्यांचे झोत दिसतात आणि ओल्या डब्यांचे रंग गडद होतात. बर्फाच्या पांढऱ्या पसाऱ्याने मापक फसतो आणि चित्र करडे येते, तेव्हा एक्स्पोजर एक टप्पा, म्हणजे दुप्पट, वाढवावे. धुक्यात गाडी उशिरा दिसते, हे अंतराविषयीच्या उत्तरासोबत लक्षात ठेवावे.

पॅनिंग, म्हणजे धावत्या गाडीसोबत कॅमेरा फिरवत चित्र घेणे, कसे साधावे?

शटर १/६० किंवा १/३० वर आणावे, गाडी डोळ्यांसमोरून आडवी जाईल अशा मोकळ्या जागी उभे राहावे, पाय स्थिर ठेवून कंबरेतून वळावे आणि बटण दाबल्यानंतरही वळणे थांबवू नये. इंजिनाचा एक ठरावीक बिंदू, उदाहरणार्थ चालकाची खिडकी, चौकटीत एकाच जागी ठेवण्याचा प्रयत्न करावा. वीस प्रयत्नांत एक जमला तरी तो दिवस चांगला म्हणावा.

गाडीचा फलक अर्धवट आणि डबे तिरके का दिसतात?

एलईडी फलकातील दिवे एकाच वेळी सतत पेटलेले नसतात. त्यांच्या ओळी अतिवेगाने आळीपाळीने पेटतात. १/१००० सारख्या शटरमध्ये काही ओळीच टिपल्या जातात आणि गाडीचे नाव अर्धेच उमटते. शटर १/१०० ते १/२०० पर्यंत उतरवले की बहुतेक फलक पूर्ण येतात, परंतु मग धावती गाडी अस्पष्ट होते. त्यामुळे फलकाचे चित्र स्थानकात उभ्या गाडीचेच घ्यावे.

तिरक्या डब्यांचे कारण निराळे आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये संवेदक वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो. त्याला १/३० सेकंद लागत असेल तर तेवढ्यात ताशी १०० किलोमीटरची गाडी ९० सेंटिमीटरहून अधिक पुढे जाते आणि उभी दारे कलंडतात. यांत्रिक शटर वापरल्यास हा दोष जवळजवळ नाहीसा होतो.

रात्री फ्लॅश वापरता येईल का?

धावत्या गाडीवर फ्लॅश कधीही मारू नये. चालकाची दृष्टी काही क्षण दिपते आणि त्याच क्षणांत त्याला सिग्नल वाचायचा असतो. रात्रीसाठी स्थानकात थांबलेली गाडी, अनुमती असलेल्या जागी तिपाई आणि काही सेकंदांचे शटर हाच योग्य मार्ग आहे. पादचारी पुलावरून दीर्घ शटर ठेवल्यास जाणाऱ्या गाडीच्या दिव्यांची रेघ मिळते.

येथे कोणीतरी ओ. विन्स्टन लिंक यांचे उदाहरण देतो. या अमेरिकी छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची अखेरची वाफेची इंजिने रात्री, अनेक फ्लॅश-बल्ब तारांनी जोडून, एकाच लखलखाटात टिपली. मात्र त्यांना त्या रेल्वेचे सहकार्य होते आणि प्रत्येक चित्राची आखणी आधीच केलेली असे. लिंक यांच्यापासून घेण्यासारखे आहे ते पूर्वतयारीचे वेड. फ्लॅश त्यांच्याकडेच राहू द्यावा.

केवळ मोबाईल असेल तर?

हरकत नाही. बोटांनी चित्र मोठे न करता मोबाईलच्या प्रत्यक्ष भिंगांपैकी एक निवडावे, फोकस आणि एक्स्पोजर बोट दाबून धरून स्थिर करावे आणि एचडीआर बंद करावे, कारण त्यात अनेक चित्रे एकत्र केली जातात आणि धावत्या गाडीची दुहेरी कड उमटू शकते. मोबाईलचे भिंग रुंद असल्याने जवळ जाण्याचा मोह होतो; तो आवरावा आणि गाडीला तिच्या परिसरासह टिपावे.

ड्रोन वापरावा का?

स्पष्ट लेखी परवानगीशिवाय नको. तारांवर किंवा रुळांवर पडलेला ड्रोन संपूर्ण मार्ग बंद पाडू शकतो.

इतर छायाचित्रकार, प्रवासी आणि कर्मचारी यांच्याशी कसे वागावे?

नंतर आलेल्याने आधीपासून उभ्या असलेल्याच्या पुढे उभे राहू नये, एवढा एक संकेत पाळला तरी बहुतेक भांडणे टळतात. डब्यातील प्रवाशांचे, विशेषतः मुलांचे, चेहरे ओळखू येतील अशी चित्रे त्यांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नयेत. चालकाला हात हलवून अभिवादन करावे, पण तो हात घाईघाईने किंवा मोठ्याने हलवू नये, कारण रेल्वेच्या भाषेत जोरजोराने हलवलेला हात हा धोक्याचा इशारा असतो आणि चालक गाडी थांबवू शकतो.

परतल्यानंतर छायाचित्रांचे काय करावे?

त्याच रात्री तारीख, वेळ, ठिकाण, गाडीची दिशा, इंजिनाचा क्रमांक आणि मालाचा प्रकार लिहून ठेवावा. युरोपातील वाघिणींवर बारा आकडी क्रमांक असतो आणि त्यावरून तिचा प्रकार व नोंदणीचा देश कळतो; अशा क्रमांकाचे एक जवळचे चित्र घेतले असेल तर नोंद सोपी होते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, ही जपणुकीची रीत येथेही लागू आहे. रंग उतरलेली इंजिने भंगारात जातात, वाघिणींचे प्रकार बदलतात, आणि वीस वर्षांनी सर्वांत जास्त विचारणा होते ती त्या काळी कंटाळवाण्या वाटलेल्या मालगाडीच्या चित्राची, तीही तारीख लिहिलेली असेल तरच.

चित्रे इतरांना दाखवताना नेमकी जागा सांगावी की नाही, याचा विचार करावा. जागा सार्वजनिक आणि प्रशस्त असेल तर सांगण्यात काही गैर नाही. एका वेळी दोनच माणसे सुरक्षित उभी राहू शकतील अशा अरुंद कठड्याचा पत्ता मी मात्र कोणाला देत नाही, आणि रेल्वेच्या हद्दीत शिरून घेतलेले चित्र कितीही सुरेख असले तरी त्याचे कौतुक करत नाही, कारण पुढच्या रविवारी त्याच जागी आणखी चार जण उभे असतात.